मॅन्स हेलिओग्राफ जुळवताना: आधी रेषा, मग सूर्य

जुना हेलिओग्राफ (आरशावरून परतवलेल्या उन्हाच्या लकाक्यांनी मोर्स लिपीतली टिंबं-रेघा दूरवर पाठवायचं यंत्र) हाती आला की बहुतेक जण सगळ्यात आधी आरसा उन्हात धरतात आणि कवडसा समोरच्या डोंगरावर फेकायला बघतात. शंभर-दीडशे मीटरपर्यंत कवडसा दिसतो, पुढे विरतो. त्यानंतर तो कुठे चालला आहे हे कळायला काहीच मार्ग उरत नाही. पलीकडच्या गडावर बसलेला जोडीदार फोनवर सांगत राहतो, "अजून काही दिसत नाही." तासाभराने दोघंही कंटाळतात आणि यंत्र बिघडलेलं आहे असं ठरवून मोकळे होतात.

यंत्र बहुधा ठणठणीत असतं, फक्त पायऱ्यांचा क्रम उलटा झालेला असतो. हेलिओग्राफमध्ये आधी समोरच्या ठाण्याची, म्हणजे जोडीदार जिथे आहे त्या जागेची, रेषा बांधायची असते आणि सूर्य मागाहून त्या रेषेवर आणायचा असतो. हा लेख त्या क्रमाबद्दल आहे. तो ब्रिटिश-भारतीय लष्करात वापरल्या गेलेल्या मॅन्स नमुन्याच्या मार्क ५ यंत्रासाठी लिहिला आहे. त्याला ५ इंची गोल आरसा असतो आणि खटका दाबला की आरसाच किंचित झुकतो. अमेरिकी लष्कराच्या यंत्रात आरसा चौकोनी असतो, तो झुकत नाही, आणि उघडझाप करणारी झडप वेगळ्या तिवईवर असते. त्या यंत्राला खालचे काही टप्पे तसेच्या तसे लागू होणार नाहीत.

सुरुवातीला थोडे आकडे

आकाशात सूर्याचं बिंब साधारण अर्ध्या अंशाचं दिसतं. त्यामुळे सपाट आरशावरून परतलेला झोतही तेवढाच पसरतो: १ किलोमीटरवर सुमारे ९ मीटर, १० किलोमीटरवर ९३ मीटर, १५ किलोमीटरवर १४० मीटर. पलीकडचा माणूस या वर्तुळाच्या आत असेल तरच त्याला लकाकी दिसते. वर्तुळाबाहेर त्याला काहीच दिसत नाही, अंधूकसुद्धा नाही.

आरशापासून ३० सेंटिमीटरवर दीड मिलिमीटरची चूक झाली, तर १० किलोमीटरवर झोत ५० मीटर बाजूला जातो. म्हणजे जोडीदार वर्तुळाबाहेर पडला. अंदाजाने हेलिओग्राफ का चालत नाही, ते एवढ्यावरून लक्षात येईल.

सूर्यही थांबत नाही. तो ४ मिनिटांत १ अंश सरकतो. मधोमध जुळवलेला झोत हात न लावता सोडला, तर साधारण मिनिटभरात जोडीदार त्याच्या कडेला येतो आणि नंतर बाहेर पडतो.

टप्पा १: घरी यंत्र तपासणे

आधी आरसा पाहा. मधोमध पारा नसलेला छोटा गोल ठिपका असला पाहिजे, कारण सगळी नेमबाजी त्याच्यावर चालते. ठिपका नसेल तर कोणीतरी साधा आरसा कापून बसवलेला आहे. रुरकी-मुरादाबादकडे बनणाऱ्या शोभेच्या पितळी प्रतिकृतींमध्ये हे सर्रास आढळतं. अशी वस्तू कपाटात छान दिसते, पण ठिपका नसलेल्या आरशाने रेषा बांधता येत नाही.

मग सपाटपणा तपासा. सावलीतल्या भिंतीपासून ३० मीटरवर आरसा धरा आणि कवडसा भिंतीवर पाडा. सपाट आरशाचा कवडसा तिथे साधारण ४० सेंटिमीटर रुंद आणि गोलसर दिसतो. ५० मीटरवरून तो ६० सेंटिमीटरच्या आसपास भरतो. तो याच्या दीडपट-दुप्पट पसरला किंवा वेडावाकडा फाटला, तर काच वाकलेली आहे किंवा चौकटीत आवळून बसवलेली आहे. चौकटीचे पेच थोडे सैल करून पुन्हा पाहा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

यानंतर हलणारे भाग बघा. आरसा आडवा फिरवणारा पेच, तो वर-खाली कलवणारा पेच, आणि खटका. दोन्ही पेच सावकाश, एकसारखे फिरले पाहिजेत. पेच अडकत असेल तर पक्कड लावू नका. आट्यांत थोडं मशीनचं तेल सोडून एक दिवस थांबा. पेच फिरवूनही आरसा क्षणभर जागचा हलत नसेल, तर आट्यांत खेळ आहे. तो किती आहे ते लक्षात ठेवा आणि जुळवताना नेहमी एकाच दिशेने फिरवत शेवट करा.

> सावध: जुन्या आरशाच्या मागच्या बाजूला अमोनिया, व्हिनेगर किंवा काचा पुसायचा फवारा लागू देऊ नका. ओलावा मधल्या ठिपक्याच्या कडेतून आत शिरतो आणि पारा काळा पडत जातो. मऊ ब्रशने धूळ झटका आणि पुढची बाजू जेमतेम ओल्या सुती कापडाने पुसा. पारा गेलेलाच असेल तर मूळ आरसा जपून ठेवा आणि वापरासाठी त्याच मापाचा दुसरा बनवून घ्या. मधला ठिपका मात्र मूळ आरशातल्या आकाराचाच हवा.

पितळ चकचकीत घासण्याचा मोहही आवरा. घासताना जुना लेप, कोरलेले आकडे आणि बाणाचं सरकारी चिन्ह पुसट होतात, आणि एकदा पुसट झालेलं परत येत नाही.

टप्पा २: जागा आणि वेळ ठरवणे

ही पायरी सगळे घाईत उरकतात. मॅन्स यंत्र दोन प्रकारे लावता येतं. सूर्य तुमच्या समोरच्या बाजूला असेल तर एक आरसा पुरतो. सूर्य पाठीमागे असेल तर दुसरा, म्हणजे डुप्लेक्स आरसा जोडावा लागतो. तुमच्या जागेवरून सूर्याची आणि समोरच्या ठाण्याची दिशा यांत ९० अंशांपेक्षा कमी कोन असेल तर एकच आरसा वापरा, जास्त असेल तर दोन.

सिंहगड आणि राजगड घ्या. सरळ रेषेत दोन्हींत सुमारे १५ किलोमीटर अंतर आहे, आणि सिंहगडावरून राजगड नैऋत्येकडे, पण दक्षिणेला बराच झुकलेला दिसतो. डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ४८ अंश उंचीवर असतो. सिंहगडावरच्या माणसाचं काम एका आरशात भागतं, कारण सूर्य आणि राजगड दोन्ही त्याच्या समोर आहेत. राजगडावरच्या माणसाचं तोंड उत्तरेकडे असतं आणि सूर्य पाठीशी. त्याने एकाच आरशावर हट्ट धरला तर ऊन आरशावर फार तिरकं पडतं आणि आरशाची निम्म्याहून कमी रुंदी कामी येते. म्हणून डुप्लेक्स आरसा राजगडावर न्यायचा, हे घरातून निघण्यापूर्वीच ठरलं पाहिजे. मेच्या मध्यावर पुण्याच्या अक्षांशावर भरदुपारी सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा दोन्ही ठाण्यांना कोन ९० अंशांच्या आसपास असतो आणि कुठलीही मांडणी चालते. पण मेमध्ये हवा इतकी धुरकट असते की १५ किलोमीटरवरचा डोंगरच धड दिसत नाही.

ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. थंडीत सकाळी दऱ्यांत धुकं आणि चुलींचा धूर साचलेला असतो, तेव्हा दहाच्या आधी घाई करू नका.

> सावध: आरशाचा झोत विमानाकडे, रस्त्यावरच्या गाड्यांकडे किंवा लष्करी आवाराकडे कधीही वळवू नका. सिंहगडाच्या उत्तरेला खडकवासला आणि एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आहे, शिवाय पुण्याच्या विमानतळाकडे विमानांची ये-जा चालू असते. त्या बाजूला आरसा झाकलेलाच ठेवा. गडावर यंत्र मांडण्याआधी संबंधित खात्याची आणि स्थानिक पोलिसांची परवानगी घ्या. समोरून लुकलुकणारा प्रकाश पाहून कोणी मदतीचा इशारा समजू शकतं.

गडावर जाण्यापूर्वी मोकळ्या मैदानात ५०० मीटरवर सराव कराच. तिथे झोत ५ मीटरच्या आत असतो, म्हणून जोडीदार चार पावलं डावी-उजवीकडे चालून तुमची चूक किती आणि कुठल्या बाजूला आहे ते सांगू शकतो. गडावर ही सोय नाही.

टप्पा ३: तिवई रोवणे

तिवईचे पाय पुरते फाकवून जमिनीत दाबा. कातळ असेल तर पायांखाली दगडांची भर घाला. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला आणि एक वरच्या बाजूला ठेवा. गडमाथ्यावर वारा असतो, म्हणून मधोमध दगड भरलेली पिशवी टांगा. पिशवी जमिनीला जरा टेकलेली असावी, नाहीतर ती झुलते आणि तिवईही हलवते.

मग यंत्र बसवा आणि आरसा ज्या आसाभोवती आडवा फिरतो तो ओळंब्यात आणा. तो तिरका राहिला तर आडवा पेच फिरवताना झोत वर-खालीही सरकतो आणि पुढे प्रत्येक दुरुस्तीला दोन्ही पेच फिरवत बसावं लागतं.

> तपासा: आरसा झाकलेला ठेवून खटका दहा वेळा जोरात दाबा. तिवई हलताना दिसली किंवा हाताला जाणवली, तर पुन्हा रोवा.

यापुढे तिवईला हात, गुडघा किंवा कोपर लावायचा नाही. बघायला येणाऱ्यांना दोन पावलं लांब उभं करा.

टप्पा ४: समोरच्या ठाण्याची रेषा बांधणे

सगळ्या कामाचा गाभा इथे आहे. अजून सूर्याचा विचारही करायचा नाही.

१. आरशासमोरची, नेम धरायची दांडी ढोबळमानाने ठाण्याच्या दिशेने वळवून आवळा. तिच्या टोकावरची पांढरी पट्टी खाली पाडा, म्हणजे तारांची फुली मोकळी होईल.

२. दांडीच्या बाजूला, पाठ समोरच्या ठाण्याकडे आणि तोंड आरशाकडे करून वाका. आरशात मागचा डोंगर दिसेल. एक डोळा मिटा.

३. डोकं सावकाश हलवत समोरच्या ठाण्याचं प्रतिबिंब आरशातल्या मधल्या ठिपक्याखाली झाका. ठाणं दिसेनासं झालं, म्हणजे डोळा बरोबर जागी आला.

४. डोकं तिथेच थोपवून हाताने दांडीचं टोक सरकवा, जोवर फुलीचं प्रतिबिंबही त्याच ठिपक्यावर येत नाही. मग दांडी पक्की आवळा.

५. सरळ व्हा, श्वास घ्या आणि तिसरी-चौथी पायरी पुन्हा करून पाहा. आवळताना दांडी केसभर सरकलेली असण्याची दाट शक्यता असते.

आता आरशाचं केंद्र, फुलीचं केंद्र आणि समोरचं ठाणं एका सरळ रेषेत आहेत. आरसा स्वतःच्या केंद्राभोवती फिरतो. पुढे तो कसाही वळवला, कलवला तरी ही रेषा मोडत नाही. म्हणूनच रेषा आधी बांधायची. ज्यांनी आधी सूर्य पकडला, त्यांना दांडी जुळवताना आरसा हलवावा लागतो. सूर्य सुटतो, मग तो पुन्हा पकडताना दांडीला धक्का लागतो, आणि असं चालूच राहतं.

> नेहमीची चूक: डोकं थोपवता येत नाही म्हणून दोन्ही डोळ्यांनी बघणे. दोन डोळ्यांना ठिपका दोन ठिकाणी दिसतो आणि रेषा कुठल्यातरी तिसऱ्याच जागी जाते. कपाळ टेकायला उभी काठी धरा, तिवई नको.

टप्पा ५: सूर्य रेषेवर आणणे

आता पांढरी पट्टी वर करा. तिच्यावर खुणेची फुली आहे. डोकं झोतातून बाहेर काढा आणि आरशावरचं झाकण उघडा.

सुरुवातीला पट्टीवर काहीच दिसणार नाही. एक पांढरं कार्ड आरशाजवळ धरा. त्यावर गोल कवडसा पडेल आणि मधोमध एक काळा ठिपका. तो पारा नसलेल्या जागेचा आहे. कार्ड हळूहळू पट्टीकडे नेत दोन्ही पेच फिरवत राहा, म्हणजे कवडसा सुटणार नाही आणि काळा ठिपका पट्टीवर येईल.

शेवटची जुळवणी खटका पूर्ण दाबून करायची. खटका मोकळा असताना झोत रेषेखाली असतो, दाबल्यावर आरसा झुकतो आणि झोत रेषेवर चढतो. मोकळ्या खटक्याने जुळवलेलं यंत्र उलटं चालतं: दाबलं की झोत आकाशात जातो, सोडलं की जोडीदाराला दिसतो. त्याला सतत प्रकाश आणि मधूनमधून खंड दिसतो, आणि त्यातून एक अक्षरही उमगत नाही.

> तपासा: खटका दाबा, काळा ठिपका फुलीच्या मधोमध. सोडा, ठिपका फुलीपासून साफ खाली. अर्धवट खाली येत असेल तर खटक्याची चाल कमी पडते आहे. ती वाढवा, नाहीतर जोडीदाराला टिंबं आणि रेघा एकमेकींत मिसळलेल्या दिसतील.

> सावध: झोतात डोळा नेऊन "बरोबर आलं का" बघू नका. जवळून आरशातला सूर्य पाहणं म्हणजे थेट सूर्य पाहणं. दुर्बीण तर अजिबात नको.

सूर्य पाठीशी असेल तर: डुप्लेक्स आरसा

दांडी काढून तिच्या जागी दुसरा आरसा बसवा. मुख्य आरसा मागून येणारं ऊन या दुसऱ्या आरशावर फेकतो, आणि दुसरा ते पुढे ठाण्याकडे पाठवतो. दुसऱ्याच्या मधोमध पांढऱ्या कागदाची छोटी टिकली असते. ती निघालेली असेल तर नवी चिकटवा.

डोकं दुसऱ्या आरशाच्या मागे ठेवून मुख्य आरशात पाहा. दुसरा आरसा त्यात अख्खा दिसला पाहिजे, आणि त्याची टिकली मुख्य आरशाच्या ठिपक्याखाली झाकली गेली पाहिजे. तसं होईपर्यंत मुख्य आरसा वळवा. आता डोकं न हलवता दुसरा आरसा कलवत राहा. दोनदा परतलेलं ठाण्याचं प्रतिबिंब टिकलीच्या वरच्या कडेला टेकलं की थांबा आणि दुसरा आरसा आवळून टाका. यानंतर त्याला हात लावायचा नाही.

मग सूर्याकडे वळा. मुख्य आरसा पेचांनी फिरवत काळा ठिपका टिकलीवर आणा, अर्थात खटका दाबून. पुढचं सगळं सारखंच.

इथे बहुतेकांचा घोळ एकच होतो. ठिपका सरकला की सवयीने हात दुसऱ्या आरशाकडे जातो आणि बांधलेली रेषा मोडते. सूर्याची दुरुस्ती कायम मुख्य आरशानेच.

टप्पा ६: एकमेकांना शोधणे

जोडीदार बुरुजावर नेमका कुठे आहे ते ठाऊक नसेल, तर ठरलेल्या ठळक खुणेवर रेषा बांधा आणि खटका दाबून धरा. मिनिटभर थांबा. उत्तर आलं नाही तर आडवा पेच अगदी सावकाश फिरवत झोत थोडा डावीकडे, मग थोडा उजवीकडे न्या. घाईने फिरवलेला झोत जोडीदाराच्या डोळ्यांवरून क्षणार्धात निघून जातो.

तुमचा प्रकाश ज्याला दिसला, त्याने आपलं यंत्र त्या प्रकाशावर जुळवायचं आणि सलग प्रकाश दाखवून उत्तर द्यायचं. त्याचा प्रकाश दिसताच तुम्हीही टप्पा ४ पुन्हा करा, या वेळी बुरुजाच्या खुणेऐवजी त्या प्रकाशावर. ही दुसरी जुळवणी पुष्कळ जण टाळतात, कारण "दिसतंय की". दिसतं खरं, पण झोताच्या कडेवरचं दिसणं असतं, आणि पाच शब्दांत नाहीसं होतं.

आपला प्रकाश मंद झाला आहे हे पाठवणाऱ्याला कळत नाही, पाहणाऱ्याला कळतं. म्हणून एक खूण आधीच ठरवून ठेवा: पाहणाऱ्याने सलग प्रकाश धरला, की पाठवणाऱ्याने थांबून पुन्हा जुळवायचं.

टप्पा ७: निरोप पाठवणे

उजवा हात खटक्यावर, डावा आडव्या पेचावर, आणि डोळे पट्टीवरच्या काळ्या ठिपक्यावर. समोरच्या डोंगराकडे पाहत निरोप पाठवू नका. डोंगर तुम्हाला काही सांगत नाही, ठिपका सगळं सांगतो. प्रत्येक शब्दानंतरच्या विसाव्यात खटका दाबून ठिपका फुलीवर आहे ना ते पाहा आणि सरकला असेल तर आणा. दुपारच्या सुमारास सूर्याची चाल बरीचशी आडवी असते, म्हणून आडवा पेच जास्त लागतो. सकाळ-संध्याकाळी वर-खाली कलवणारा पेच अधिक फिरवावा लागतो.

वेग मिनिटाला ५ शब्दांपासून सुरू करा. तेव्हा टिंब जवळजवळ पाव सेकंदाचं असतं आणि रेघ पाऊण सेकंदाची. अक्षरांमध्ये तीन टिंबांएवढी जागा, शब्दांमध्ये सात. रेडिओवर मोर्स शिकलेले लोक इथे हमखास घाई करतात. कानाला झेपणारा वेग डोळ्याला झेपत नाही, आणि आरशाला झुकून परत यायलाही वेळ लागतो.

पाहणाऱ्या बाजूला दोन माणसं हवीत. एकाने नजर न हटवता अक्षरं मोठ्याने सांगायची, दुसऱ्याने लिहायची. एकाच माणसाने पाहायचं आणि लिहायचं ठरवलं, तर वहीकडे मान वळवल्यावर पुढची दोन अक्षरं हुकतातच. प्रत्येक शब्द कळल्यावर एक लांब रेघ परत पाठवा. ती आली नाही तर पाठवणाऱ्याने तोच शब्द पुन्हा द्यायचा, पुढे जायचं नाही.

मराठी निरोप रोमन अक्षरांत पाठवणार असाल, तर वर्णविन्यास आधी कागदावर ठरवा. 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न' यांवरून दोन गडांमध्ये वाद घालायला ऊन पुरत नाही.

काहीच दिसत नसेल तर

या क्रमानेच तपासा. ठिपका खटका दाबल्यावर फुलीवर आहे का? दांडी टप्पा ४ नंतर हलली आहे का? जोडीदार खरंच त्याच बुरुजावर आहे का, आणि त्याच्या जागेवरून तुमची जागा झाडाआड येत नाही ना? तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी सूर्यासमोर पातळ ढग आहे का? तसं असेल तर पट्टीवरच्या ठिपक्याची कड पुसट होते, ती पाहून लगेच समजतं. हे सगळं ठीक असेल, तरच यंत्रावर संशय घ्या.

टप्पा ८: आवरणे

आवरताना सगळ्यात आधी आरसा झाका, मगच बाकीचं सोडा. उघडा आरसा तिवईवरून उतरवताना झोत कुठेही फिरतो. पेच मधल्या स्थितीत आणून ठेवा, दांडीची पकड सैल करा.

घरी आल्यावर यंत्र चामड्याच्या मूळ पेटीत बंद करून ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं, पितळावर हिरवा थर चढतो आणि आरशाचा पारा कडेपासून सुटू लागतो. यंत्र सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलची पाकिटं घालून झाकणाच्या डब्यात ठेवा. पेटी वेगळी, हवेशीर जागी ठेवा. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी डबा उघडून पाकिटं बदला.